अंगालगतचा इतिहास

दिवाळीची कापडखरेदी कशी होते हे काय सांगायला हवे? आधी साड्या, मग मुलांचे कपडे, मग घरधन्याचा सदरा. सारे बांधून झाले, पिशव्या सावरीत मंडळी दुकानाची पायरी उतरू लागली, की कुणाला तरी आठवते, “अहो, गंजिफ्रॉक राहिले की!” मग दुकानदार पुठ्ठ्याचा एक डबा पुढे सरकवतो, मापाचा आकडा विचारतो आणि दोन मिनिटांत व्यवहार आटोपतो. रंगाची चर्चा नाही, पोताची नाही, घासाघीसही फारशी नाही. पाडव्याला साडीचे कौतुक होते, सदऱ्याचे होते. गंजिफ्रॉकचे कौतुक झाल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.

वास्तविक दिवसभर अंगाला चिकटून राहायचे, घाम टिपायचा, वरच्या भारी कपड्याला डाग लागू द्यायचा नाही, ही सारी चाकरी त्या बिचाऱ्याची. मान मात्र वरच्याला! इतिहासानेही हाच न्याय लावला आहे. युरोपातल्या मध्ययुगाचे, म्हणजे ढोबळ मानाने पाचव्या ते पंधराव्या शतकाचे, चित्रपट आपण पाहतो. त्यात चिलखते असतात, मखमली झगे असतात, राजाच्या खांद्यावर मऊ केसाळ कातड्याची किनार असते. पण त्या चिलखताच्या आणि झग्याच्या आत काय होते? हा प्रश्न कुणी विचारला तर आपण हसतो. विद्वान मंडळींनीही तो फार दिवस हसण्यावारीच नेला. त्यापायी इतिहासाची कशी फसगत झाली, त्याची ही हकीकत.

राजाने तोंड फिरवले

सुरुवात पुरुषांपासून करू. त्यांच्या आतल्या वस्त्राला फ्रान्समध्ये ‘ब्रे’ म्हणत. जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेले जे कापड, ज्याला आपण लिनन म्हणतो, त्याची ही ढगळ चड्डी. बाराव्या शतकाच्या सुमारास ती गुडघ्यापर्यंत, कधी त्याच्याही खाली पोचे. कमरेला नेफा करून त्यात पट्टा ओवीत, आणि उरलेले कापड त्या पट्ट्यावरून गुंडाळून घेत. पैशाची थैली आणि किल्ल्या याच पट्ट्याला अडकवीत. पायांत आजच्यासारखी पाटलोण नव्हती. दोन पायांना दोन वेगळे, मांडीपर्यंत येणारे लोकरी मोजे असत. कापड उरेब कापून ते शिवलेले असत, म्हणजे पायावर चपखल बसत. ते खाली घसरू नयेत म्हणून नाडीने याच पट्ट्याला बांधून टाकीत. म्हणजे पाहा, चड्डी केवळ लज्जारक्षणासाठी नव्हती. कमरेखालच्या साऱ्या पोशाखाचा भार तिच्या पट्ट्यावर होता. पट्टा तुटला की सारा डोलारा खाली!

न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात तेराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये रंगवलेले एक चित्रमय बायबल आहे. कथा जुन्या करारातल्या, पण माणसांचे कपडे चित्रकाराच्या डोळ्यांसमोरचे. त्यात कष्टाची कामे करणारे गडी वरचा अंगरखा काढून नुसत्या पांढऱ्या चड्डीवर कामाला भिडलेले दिसतात. राजवाड्यातल्या माणसांची आतली वस्त्रे चित्रकार काढीत नाही, गड्यांची काढतो. त्यामुळे या विषयातले आपले पुष्कळसे ज्ञान गरिबांच्या उघड्या अंगावरून आले आहे.

मठातल्या साधूंचा प्रश्न निराळाच होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जे नियम घालून दिले, त्यांतल्या ५५ व्या प्रकरणात कपड्यांचा हिशेब आहे. साधू प्रवासाला निघाला की त्याने कोठीतून चड्डी घ्यायची, आणि परत आल्यावर धुऊन पुन्हा कोठीत जमा करायची! पुढे बाराव्या शतकात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी हा नियम फारच काटेकोर मानला आणि चड्डी वर्ज्यच केली. मग काय, चेष्टेला ऊत आला. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबारातला वॉल्टर मॅप हा मोठा मिस्किल लेखक. त्याने एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. राजाची स्वारी येताना पाहून एक साधू घाईघाईने वाटेतून बाजूला होऊ लागला, तो राजाच्या घोड्यापुढेच अडखळून पडला. वारा सुटलेला होता; त्याने साधूमहाराजांची कफनी थेट मानेवर नेऊन टाकली. राजाने काहीच न पाहिल्यासारखे करून तोंड फिरवले. बरोबरच्या एकाला मात्र राहवले नाही. असल्या धर्मनिष्ठेला त्याने तिथल्या तिथे एक शेलका शाप दिला.

खमीस आणि शेमीझ

चड्डीच्या जोडीला सदरा. तो पुरुषांनाही होता आणि बायकांनाही. लॅटिनमध्ये त्याला ‘कमीसिया’ म्हणत. त्यावरून फ्रेंच ‘शेमीझ’ झाला, पोर्तुगीज ‘कमीझा’ झाला, आणि अरबीतला ‘कमीस’ही त्याच मुळाचा, असे भाषापंडित सांगतात. म्हणजे आपल्याकडचे आजोबा ज्याला खमीस म्हणत, तो या मध्ययुगीन सदऱ्याचा दूरचा भाऊबंदच म्हणायचा.

या सदऱ्याची बेतणी मोठी शहाणपणाची. लिनन हातमागावर विणलेले, त्याच्या मागे बायकांचे महिनोन् महिने गेलेले. जवसाची रोपे उपटायची, पाण्यात कुजत घालायची, वाळवून ठेचायची, काटेरी फणीने विंचरून तंतू सोडवायचे, मग ते कातायचे आणि शेवटी विणायचे. अशा कापडाची चिंधीसुद्धा वाया घालवायला कुणाची छाती होणार? म्हणून सारा सदरा सरळ चौकोनांचा आणि त्रिकोणांचा. अंगाचे दोन लांब तुकडे, बाह्यांचे दोन, हात उचलता यावा म्हणून बगलेत छोटा चौकोन, आणि घेर यावा म्हणून बाजूंना कळ्या. कात्री फिरली तरी जमिनीवर काही पडत नसे.

फ्रान्सचा राजा नववा लुई १२७० साली ट्यूनिसच्या मोहिमेवर असता मरण पावला आणि पुढे संतपदाला पोचला. त्याचा म्हणून मानला जाणारा असा एक सदरा पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या खजिन्यात जपलेला होता. त्याची एक बाही नाहीशी झाली आहे, पण कळ्या अजून दिसतात. १५ एप्रिल २०१९ रोजी त्या चर्चला आग लागली, तेव्हा ज्या मोजक्या पवित्र वस्तू आधी बाहेर काढल्या, त्यांत हा सदराही होता. एका राजाचे आतले वस्त्र वाचवण्यासाठी माणसे आगीत शिरली! पण असे भाग्य लाभायला अंगात घालणारा संत असावा लागतो. बाकीच्या लक्षावधी सदऱ्यांचे काय झाले ते पुढे पाहू.

या सदऱ्याचे काम एकच, अंग आणि वरचा पोशाख यांच्यामध्ये उभे राहायचे. वरचे कपडे लोकरीचे, रेशमाचे, महागड्या रंगांत रंगवलेले. ते वरचेवर धुणे परवडत नसे. झटकायचे, ब्रशाने साफ करायचे, इतकेच. घाम, तेल, मळ सारे लिननने प्यायचे आणि धुण्यात त्यानेच मार खायचा. लाकडाच्या राखेतून पाणी गाळून त्यात कपडे भिजवीत, लाकडी थापीने बडवीत आणि हिरवळीवर उन्हात पसरून पांढरेशुभ्र करीत. आपल्याकडे साबण घरोघर येण्यापूर्वी परीट राखेच्या पाण्यात भट्टी लावीत, तोच हा मामला.

सदऱ्यावर असणे म्हणजे जवळजवळ उघडे असणे, अशी त्या काळची समजूत होती. म्हणूनच शरण जाताना किंवा प्रायश्चित्त घेताना माणसाला सदऱ्यावर उभे करीत. १३४७ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सचे कॅले शहर उपासमारीने टेकीला आणले. तेव्हा गावातले सहा प्रतिष्ठित नागरिक अनवाणी, बोडक्या डोक्याने, नुसत्या सदऱ्यावर, गळ्यात दोर घालून त्याच्यापुढे आले, असे बखरकार फ्रॉयसार सांगतो. लाखोंचे व्यापारी ते; पण वरचे कपडे उतरताच त्यांच्यात आणि रस्त्यावरच्या हमालात फरक उरला नाही. राणी फिलिपाने पदर पसरला म्हणून त्यांचे प्राण वाचले.

उलट एका माणसाची थोरवी आतल्या कपड्यांनीच उघड केली. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याला राजाच्या सरदारांनी चर्चमध्येच ठार केले. साधूंनी दफनासाठी त्याचे भरजरी कपडे उतरवले आणि पाहतात तो काय, आत लिननऐवजी केसांचा विणलेला खरखरीत सदरा, आणि चड्डीही तसल्याच कापडाची! त्यात उवा नुसत्या बुजबुजलेल्या. जन्मभर ज्याला लोक ऐश्वर्यात लोळणारा मानीत, त्याचे गुप्त तप असे मरणानंतर बाहेर आले. तेव्हा साधू हमसाहमशी रडले म्हणतात.

बायकांचे काय?

इथे मात्र मामला नाजूक होतो. बायकांचा सदरा पायघोळ, घोट्यापर्यंत येणारा. तो सर्वांना ठाऊक होता. पण त्याच्या आत? चड्डी बायका घालीत नसत, असेच बहुतेक पुरावे सांगतात. फ्रान्समधल्या शांतियी येथे बेरीच्या ड्यूकसाठी १४१० नंतरच्या काही वर्षांत रंगवलेली एक सुप्रसिद्ध प्रार्थनापोथी आहे. तिच्या फेब्रुवारीच्या चित्रात बाहेर बर्फ पडलेले आहे आणि आत शेतकऱ्याच्या घरातली माणसे कपडे वर करून शेकोटीशी ऊब घेत बसली आहेत. चित्रकाराने कसलाही आडपडदा ठेवलेला नाही. आत काहीच नाही, बाप्यालाही नाही आणि बाईलाही नाही!

चड्डी हे पुरुषाचे आणि पर्यायाने घरातल्या सत्तेचे चिन्ह होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इस्राएल फान मेकेनेम या जर्मन कोरक्याने एक विनोदी चित्र काढले. त्यात एक बाई नवऱ्याला सूत कातायच्या काठीने बडवते आहे आणि ज्या चड्डीवरून भांडण जुंपले ती जमिनीवर पडली आहे. घरात कुणाचे चालायचे, एवढाच त्या भांडणाचा अर्थ.

आणि छातीला आधार देणारे वस्त्र? इथे विद्वानांचा निकाल ठाम होता. असले वस्त्र मध्ययुगात नव्हतेच, ते अगदी अलीकडचे, असे ते सांगत. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने १९१४ साली त्याचे पेटंट घेतले, तिथून त्याचा इतिहास मोजीत. जुन्या कागदपत्रांत काही उल्लेख होते. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपचा शस्त्रवैद्य आंरी द माँद्व्हिल चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहितो की, काही बायका सदऱ्यात छातीच्या मापाच्या दोन पिशव्या बसवून घेतात. पंधराव्या शतकातला जर्मन बखरकार कोनराड श्टोल अशाच पिशव्यांच्या सदऱ्यांवर संतापून लेखणी झाडतो. पण वस्तू समोर नव्हती. मग पिशव्या म्हणजे काहीतरी अलंकारिक बोलणे असेल, असे म्हणून पंडित पुढे जात.

नाड्यांनी मात्र इतिहासात एकदा जीवघेणे महत्त्व मिळवले. जोन ऑफ आर्कवर १४३१ साली रुआँ येथे खटला चालला, तेव्हाच्या आरोपपत्रात तिच्या पुरुषी पोशाखाचे बारीक वर्णन आहे. तिचे लांब मोजे वरच्या बंडीला २० नाड्यांनी बांधलेले होते, हेही त्यात मोजून लिहिले आहे. न्यायाधीशांना त्यात धर्मद्रोह दिसला. पण ती मुलगी तुरुंगात पुरुष पहारेकऱ्यांच्या ताब्यात होती. आपल्या अब्रूच्या रक्षणासाठी ती तो पोशाख सोडीत नव्हती, असे पुढे फेरचौकशीत साक्षीदारांनी सांगितले. झग्याला नाड्या नसतात. घट्ट बांधलेल्या २० गाठी हे तिचे चिलखत होते. त्याच पोशाखाचा ठपका ठेवून ३० मे १४३१ रोजी १९ वर्षांच्या त्या पोरीला जिवंत जाळले.

खोटे कपाटात, खरे कचऱ्यात

आता एक विलक्षण गोष्ट. खरीखुरी अंतर्वस्त्रे संग्रहालयांत नव्हती, पण एक खोटे वस्त्र मात्र मानाने मांडून ठेवलेले होते. धर्मयुद्धाला जाताना सरदार बायकोच्या कमरेला लोखंडी पट्टा घालीत, त्याला कुलूप लावीत आणि किल्ली खिशात टाकून जेरुसलेमला चालते होत, ही कथा कुणी ऐकली नाही? असे पट्टे युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड होते. पण धर्मयुद्धांच्या काळातला एकही विश्वसनीय पुरावा मिळत नाही. १४०५ च्या सुमारास कोनराड कीझर याने युद्धयंत्रांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात अशा पट्ट्याचे एक चित्र सापडते. आणि त्या ग्रंथात थट्टेच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. जपून ठेवलेले पट्टे तपासले तेव्हा त्यांतले बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत गंमत म्हणून, हौशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेले ठरले. काही संग्रहालयांनी ते मुकाट्याने कपाटातून काढून घेतले. लोखंड टिकते, म्हणून त्याच्यावर लोकांचा विश्वास बसला.

आणि खरी वस्तू कुठे होती? ऑस्ट्रियाच्या पूर्व टायरॉल भागात लेंगबर्ग नावाचा एक किल्लेवजा वाडा आहे. २००८ साली त्याची दुरुस्ती चालू असता एका खोलीच्या जमिनीखालची भर उकरली गेली. पंधराव्या शतकात त्या वाड्यावर नवा मजला चढवला, तेव्हा खालच्या कमानीच्या पाठीवरची पोकळी गवंड्यांनी हाताला लागेल त्याने भरून काढली होती. पेंढा, काटक्या, लाकडाचे तुकडे, फाटकी पादत्राणे आणि चिंध्या! वाड्यातल्या चर्चचा समर्पणविधी १४८५ साली झाल्याची नोंद आहे, म्हणजे भर त्या सुमाराची. ती जागा कायम कोरडी राहिली. त्यामुळे एरवी मातीत कुजून जाणारे कापड सव्वापाचशे वर्षे शाबूत राहिले.

इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्स या संशोधक बाई त्या चिंध्या निवडायला बसल्या. कापडाचे २,७०० हून अधिक तुकडे. त्यांत लिननची चार वस्त्रे अशी निघाली की, पाहणाऱ्याने दचकावे. छातीला स्वतंत्र वाट्या बेतलेल्या! एकाला खांद्यावरून येणारे रुंद पट्टे होते. दुसऱ्या एकाची प्रत्येक वाटी दोन तुकडे उभे जोडून शिवलेली, खाली बरगड्यांपर्यंत अंग आणि डाव्या बाजूला नाडी ओवायला सहा छिद्रे. सुईने विणलेली नाजूक जाळीची नक्षीसुद्धा होती. जे कुणाला दिसणार नाही त्यावर एवढी कलाकुसर करणारी ती कोण असेल?

कापडाच्या कालमापनाने पंधरावे शतक पक्के केले. २०१२ साली बातमी जगभर पसरली. वैद्य माँद्व्हिल खरे बोलत होता आणि रागावलेला बखरकार श्टोलही खरे बोलत होता. खोटा पडला होता तो पंडितांचा निकाल. त्याच ढिगात कमरेला दोन्ही बाजूंनी बांधायची एक छोटीशी चड्डीही निघाली. ढगळ ब्रे तोवर आखडत आखडत एवढीशी झाली होती, कारण वरचा अंगरखा तोकडा झाला आणि पायमोजे तंग होऊन कमरेपर्यंत चढले. चड्डी पुरुषाचीच असावी असे संशोधकांचे मत आहे. तिला ठिगळांवर ठिगळे आहेत. ती फाटली तशी कुणीतरी ती पुन्हा पुन्हा शिवली.

मग बाकीचे गेले कुठे?

ही ठिगळेच आपल्या प्रश्नाचे उत्तर देतात. मखमली झगा वर्षातून चार वेळा घालून पेटीत ठेवतात, म्हणून तो टिकतो. सदरा रोज अंगावर येतो, रोज बडवला जातो, विरतो. आपल्याकडे जुनेराचे काय होते? त्याची बाळुती होतात, गोधडी होते, उरलेल्याचे फडके होते. तिकडेही तेच होई. मोठ्याचा सदरा फाटला की लहानाला, मग बाळाला गुंडाळायला, मग जखमेला पट्टी. आणि त्यानंतरही जे उरे, ते चिंध्या गोळा करणाऱ्याच्या पोत्यात जाई.

ते पोते जाई कागदाच्या गिरणीत. कागद करण्याची विद्या युरोपने अरबांकडून उचलली. इटलीत फाब्रियानो येथे तेराव्या शतकात हा धंदा चांगलाच बसला. जर्मनीत न्यूरेंबर्गला उलमन श्ट्रोमर याने १३९० साली गिरणी घातली. त्या गिरण्यांचा कच्चा माल एकच, लिननच्या चिंध्या. त्या भिजवायच्या, पाणचक्कीवर चालणाऱ्या हातोड्यांनी कुटून लगदा करायचा, जाळीवर ताव उचलायचा. माणसे जितके लिनन अंगात घालीत, तितक्या चिंध्या गिरणीला मिळत. १४५५ च्या सुमारास माइन्झला गुटेनबर्गचे बायबल छापून झाले. त्याच्या काही प्रती कातड्यावर आहेत, पण बहुतेक अशाच कागदावर.

आता विचार करा. बायकांच्या नटण्यामुरडण्यावर कडाडून झोड घालणारी प्रवचने ज्या कागदावर छापली गेली, तो कागद कशाचा होता? कदाचित त्याच सदऱ्यांचा! राजांच्या लढाया, संतांची चरित्रे, पंडितांचे निकाल, सारे काही कुणाच्या तरी घामाने भिजलेल्या, कुणीतरी बडवून पांढऱ्या केलेल्या कापडावर उतरले. ज्या वस्त्रांचा उल्लेख करायला ग्रंथकार लाजले, त्यांच्याच पाठीवर ते ग्रंथ लिहीत होते. आणि काही शतकांनी तेच ग्रंथ चाळून आम्ही म्हणालो, असली वस्त्रे नव्हतीच, कारण कुठे लिहिलेली नाहीत!

लेंगबर्गच्या गवंड्यांना काही जपायचे नव्हते. त्यांना एक खड्डा बुजवायचा होता. त्या खड्ड्याने जे राखले ते राजांच्या खजिन्यांना राखता आले नाही. एरवी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकलेली होती म्हणून ती रिकामीच आहे असे सारे समजून बसले होते, एवढाच फरक.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीची पिशवी रिकामी करताना तळाशी राहिलेल्या त्या गंजिफ्रॉककडे क्षणभर पाहा. वर्षभर तो मुकाट्याने राबेल, विरेल आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत खिडकीचे गज पुसायला निघेल. तेव्हाही त्याची आठवण कुणी लिहून ठेवणार नाही. पण घरात कोण किती राबले, हे साडीपेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असेल.